सबवेतली पावलं

मी जन्मजात भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात होते तेव्हा पालीला भ्यायचे, मांजर आडवं गेलं तरी थांबायचे. बर्मिंगहॅमला आल्यावर माझ्या भीतीला जरा भारदस्त विषय मिळाले, इतकंच.

आम्ही घर घेतलं तेव्हा रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यावर बेकरी, रस्त्याच्या टोकाला मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना. ह्यांचं हॉस्पिटल बसने वीस मिनिटांवर. मग ऐंशीच्या दशकात कारखाना बंद पडला. त्याच्यामागून बेकरी गेली, तिच्या जागी व्हिडिओचं दुकान आलं आणि त्या दुकानाचं शटर दिवसाढवळ्याही अर्धं खाली असायचं. समोरच्या घराच्या खिडक्यांवर प्लायवुड ठोकलं गेलं. शेजारची इंग्लिश म्हातारी मुलाकडे राहायला गेली. जाताना मला जिरेनियमची एक कुंडी आणि "तुम्हीही निघा" असा सल्ला देऊन गेली. मराठी मंडळातले डॉक्टर एकेक करून सॉलिहलच्या पॉश उपनगराकडे सरकले. आम्ही मात्र तिथेच. घर विकायला काढलं, तर बघायला येणारा माणूस आधी समोरचं प्लायवुड बघायचा आणि मग गाडीच्या किल्ल्या चाचपायला लागायचा.

दोनदा घर फोडलं गेलं. पहिल्यांदा व्हिडिओ रेकॉर्डर गेला. इन्शुरन्सवाल्यांनी नवा दिला, तर तीन आठवड्यांत चोर परत येऊन तोही घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने दिवाळीच्या चकल्यांचा डबाही संपवला आणि झाकण नीट लावून ठेवलं. हे म्हणाले, "घे, तुझ्या चकलीला दाद मिळाली!" मला हसू आलं नाही. आपल्या स्वयंपाकघरात कुणीतरी उभं राहून सावकाश चकल्या खाल्ल्यात, हा विचार डोक्यातून जाईना. त्यानंतर कित्येक महिने मी बाहेरून आले की आधी दारातूनच "कोण आहे?" असं ओरडायचे. मराठीत. चोराला काय कळणार होतं!

अशात आमची लेक अकरा वर्षांची झाली आणि ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेच्या, प्रवेशपरीक्षेत पास झाली. आमच्या भागातल्या शाळेची अवस्था सांगण्यासारखी नव्हती, त्यामुळे आम्हाला आकाश ठेंगणं झालं. पेढे वाटून झाल्यावर मला सुचलं की शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. एका बसने सिटी सेंटरपर्यंत जायचं, मग रिंग रोडच्या खालून सबवेने पलीकडे निघायचं आणि तिथून दुसरी बस.

तो सबवे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. वीसेक पायऱ्या उतरून खाली जायचं. छत इतकं खाली की उंच माणूस आपोआप वाकायचा. पिवळट टाइल्स, पाणी साचलेलं, मुतारीचा वास, निम्मे दिवे फुटलेले. सरळ असता तर एक वेळ चाललं असतं, पण त्याला दोन वळणं होती. प्रत्येक वळणावर वर कोपऱ्यात एक गोल फुगीर आरसा, पलीकडून कोण येतंय ते दिसावं म्हणून. त्या आरशात माणसाचं डोकं भलं मोठं आणि पाय एवढेसे दिसायचे. आरसा धीर देण्यासाठी लावला होता म्हणे.

पहिला आठवडा मी तिच्याबरोबर गेले. साडीवर कोट, हातात तिच्या डब्याची पिशवी. शुक्रवारी घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तू नको येऊ. सगळे बघतात. कोणाचा पण आई येत नाही."

"तिथे खाली कसली कसली माणसं असतात, तुला माहितेय का?"

"आय नो. मी फास्ट चालते."

ह्यांनी तिची बाजू घेतली. मुलीला पंख दिलेत तर उडू दे, वगैरे. मी हार मानली. पण लेक माझीच. ती म्हणाली, "प्रॉमिस कर."

"प्रॉमिस."

"तसं नको. आपलावाला प्रॉमिस."

मी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "तुझ्या गळ्याशप्पथ, मी येणार नाही." ती शपथ मी सात-आठ दिवस पाळली.

मग एका संध्याकाळी जेवताना ह्यांनी सांगितलं की कॅज्युअल्टीत एक बाई आली होती. त्याच सबवेत तिची पर्स हिसकावली आणि तिने ती सोडली नाही, म्हणून तिचा हात मोडला. सांगून झाल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढून घेतली. बोललेलं काही परत घेता येत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती! त्या रात्री मी डोळ्यांपुढे लेकीचा हात मोडलेला पाहिला, दप्तर पाण्यात पडलेलं पाहिलं, आणखीही पुष्कळ पाहिलं, ते लिहीत नाही.

त्याच सुमारास कौन्सिलने लायब्ररीत नव्या सिटी सेंटरचं मॉडेल मांडलं होतं. मी मुद्दाम बघायला गेले. पांढराशुभ्र पुठ्ठा, पांढरी झाडं, कारंजी, साफ केलेले कालवे, अधिवेशनांसाठी मोठा हॉल. नखाएवढी पांढरी माणसं दोघादोघांनी निवांत चालली होती. एकही मागे वळून बघत नव्हतं. तिथल्या टायवाल्या माणसाला मी विचारलं, "आणि सबवे?"

"जाणार ना! सगळे बुजवणार आहोत. टप्प्याटप्प्याने."

"आमचा कुठल्या टप्प्यात?"

तो गोड हसला आणि त्याने मला रंगीत माहितीपत्रक दिलं. तोवर माझी मुलगी कॉलेजात गेली असती.

लायब्ररीतून निघाले ती थेट जुने कपडे विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये गेले आणि पुरुषांचा हिरवा जाडजूड कोट घेतला. गुडघ्यापर्यंत, मोठी टोपी असलेला, एक खिसा फाटलेला. तो बागेतल्या शेडमध्ये, गवत कापायच्या मशीनमागे लपवला. दुसऱ्या दिवशी लेक बाहेर पडली, तशी मी ह्यांची जुनी पँट चढवली. आयुष्यात पहिल्यांदा. बांगड्या वाजू नयेत म्हणून रुमालाने बांधल्या. काढायला हात धजेना. कोट घातला, टोपी पार नाकापर्यंत ओढली, आणि पुढच्या स्टॉपवर जाऊन तिचीच बस पकडली. ती वरच्या मजल्यावर बसायची, मी खाली.

शपथ मोडली होती, आणि तीही मुलीच्या गळ्याची. तिला काही झालं तर ते त्यामुळेच होईल, अशी आणखी एक भीती मी बरोबर घेतली होती.

सबवेत मी तिच्या मागे वीसेक पावलांवर असायचे. एक कबूल करते. त्या कोटात मला भीती कमी वाटायची. एकदा समोरून येणाऱ्या बाईने मला पाहिलं, पर्स छातीशी धरली आणि भिंतीला घासून निघून गेली. मला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा बरं वाटलं. इतकी वर्षं मी लोकांना भीत होते, आज कुणीतरी मला भ्यालं होतं. लेक दुसऱ्या बसमध्ये चढली की मी घरी यायचे, साडी नेसायचे आणि दहाला हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात कामावर हजर.

दोन आठवडे सुरळीत गेले. मग तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी नाश्ता जाईना. एकदा म्हणाली, "शाळा नको आज." मी खोदून खोदून विचारलं, पण ती काही बोलेना. हिला तिथे कुणीतरी त्रास देतंय, मला खात्रीच पटली. म्हणून मी अंतर कमी केलं. विसाची दहा पावलं केली.

त्या दिवशी पाऊस होता, सबवेत आणखी एक दिवा गेला होता. दुसऱ्या वळणावर तिने मान वर करून आरशात पाहिलं. क्षणभर थांबली आणि पळत सुटली. ती का पळतेय ते मला कळेना. कुणीतरी मागे लागलं असणार, म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग मीही पळाले. हाक मारली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण शपथ मोडल्याचं तिला कळेल, ह्या धास्तीने तोंडातून शब्द निघेना. माझ्या बुटांचा आवाज त्या टाइल्सवर घुमत होता आणि तो वाढला तशी ती आणखी जोरात पळत होती. पायऱ्यांवर ती पडली. वर फुलं विकणारा म्हातारा जमैकन माणूस धावत खाली आला, त्याने तिला उचललं आणि माझ्याकडे बोट करून ओरडला, "ए, थांब! पाहिलंय तुला मी!"

मी उलटी फिरले आणि पळाले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे भित्री मीच आणि ब्रह्मराक्षसही मीच, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

घरी पोचते तोच शाळेतून फोन. मुलगी पडली आहे, गुडघ्याला लागलंय, आणि कुणी माणूस रोज मागे येतो म्हणते आहे.

दुपारी पोलीसबाई आली. तरुण, समजूतदार, हातात छोटी वही. ती आणि लेक जेवायच्या टेबलाशी बसल्या. हे सुट्टी काढून आले होते, लेकीच्या खुर्चीमागे उभे होते. मी चहा ठेवला.

"कसा होता दिसायला?"

"बिग. हिरवा कोट, हूड. एक पॉकेट फाटलेला. मी फास्ट चालले की तो पण फास्ट. मी स्लो की तो पण स्लो."

"फुलवाल्यानेही अगदी हेच सांगितलंय," पोलीसबाई ह्यांना म्हणाली. "आम्ही शोधू त्याला. तोपर्यंत हिला एकटीला पाठवू नका."

ती गेल्यावर लेक म्हणाली, "मला ती शाळा नको. कधीच नको." हे म्हणाले, "ठीक आहे. इथल्याच शाळेत घालू. शाळेपेक्षा मुलगी महत्त्वाची."

आता गप्प बसून चालणार नव्हतं. काय सांगायचं ते जुळवत मी शेडमध्ये गेले, आणि शब्द जुळेनात म्हणून सरळ तो कोटच अंगात घातला. टोपी ओढली. मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, ती ओळखेल, हसेल, सुटली म्हणून माझ्या गळ्यात पडेल. इतकी मूर्ख मी त्याआधी नव्हते, नंतरही झाले नाही.

ती किंचाळली. खुर्ची उलटली, हे मुठी आवळून पुढे आले. मी टोपी मागे सारली. "मीच गं बाळा, मीच. तुला सांभाळायला."

हे उलटलेली खुर्ची सरळ करून त्याच खुर्चीत बसले. लेक भिंतीला पाठ लावून उभी होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "मी रन केलं, तेव्हा तू पण रन केलंस?"

"हो."

"का?"

मी कोट काढून कचऱ्याच्या पिशवीत घातला. सकाळी ह्यांनी पोलिसांना फोन केला. काय सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

सोमवारी ती एकटी शाळेत गेली. ग्रामर स्कूल वाचलं. मी खरोखरच मागे गेले नाही, खिडकीत उभी राहून ती शाळेत पोचायची वेळ मोजली. संध्याकाळी विचारलं, "सगळं ठीक?" ती म्हणाली, "फाइन." सात वर्षं मी रोज विचारलं आणि सात वर्षं तिने रोज "फाइन" म्हटलं. मला वाटायचं, चला, निभावलं.

नव्वदीच्या दशकात शहराने कात टाकली. हॉल उभा राहिला, कालव्याकाठी हॉटेलं आली, आणि अखेर आमचाही टप्पा आला. सबवे बुजवला, वर फरसबंदी चौक केला. लेक तोवर लंडनजवळ ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. एका शनिवारी घरी आली तेव्हा मला तिथे कॉफी प्यायला घेऊन गेली. लख्ख ऊन, कारंज्यात भिजणारी मुलं, बाकांवर जोडपी. मला खरंच आनंद झाला. मी म्हणाले, "बघ, एवढ्याशा रस्त्यासाठी किती घाबरायचे मी! आणि तुला कधी काही झालं नाही."

तिने कप खाली ठेवला. "झालं होतं. इयर नाइनमध्ये, मी थर्टीन होते. दोघं होते, एकाकडे ब्लेड होता. माझा वॉच आणि बस पास घेतला. ब्लेड इथे लावला होता." तिने कानाखाली बोट टेकवलं.

ते घड्याळ मला आठवलं. ती म्हणाली होती, पीईच्या, म्हणजे खेळाच्या तासाला हरवलं, आणि मी तिला वेंधळी म्हणाले होते, आठवडाभर.

"पासचं काय केलंस?"

"तेव्हा लंच स्कूलमध्ये घ्यायचे ना, ते पैसे बसला दिले. एक मंथ."

"अगं, पण मला सांगायचं ना! का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, होती ती समजूत, आणि तीच मला सोसवेना.

"सांगितलं असतं तर तू परत मागे आली असतीस, आई."

मला "नाही गं" म्हणायचं होतं. पण आले असते.