आण्णांच्या पेढीवर बीरु

जपानहून परत येऊन मला चार वर्षं झाली होती आणि आण्णांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. आण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत त्यांची हळदीची आडत आहे. आमचं घर जैन. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं आणि दारूचा विषय दुसऱ्याच्या घरचा म्हणूनसुद्धा निघत नाही. अशा घरातला मी, तिकडे सहा वर्षं दर गुरुवारी बिअर प्यायला जात होतो.

गेलो होतो मशीनच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला. गाव मध्यम, माणसं सभ्य आणि अबोल. संध्याकाळी खोलीवर येऊन भात-आमटी करायची, खायची आणि भिंतीकडे बघत बसायचं. स्टेशनच्या पुलाखाली आठ खुर्च्यांचं एक बिअरचं दुकान होतं. पहिल्यांदा आत गेलो तो उकडलेल्या शेंगा मिळतात असं दारावर लिहिलं होतं म्हणून. दोन महिने नुसत्या शेंगा आणि आल्याचं सरबत घेतलं. मग एकदा मालकानं इवल्याशा पेल्यात काहीतरी ओतून पुढे ठेवलं आणि म्हणाला, "पिऊ नका हवं तर. वास तरी घ्या." वास संत्र्याच्या सालीचा होता. मी प्यायलो.

पण मला तिथं धरून ठेवलं ते बिअरनं नाही, दोन माणसांच्या भांडणानं. एक होते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, सत्तरीचे. त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणायचो. दुसरी औषधांच्या दुकानात काम करणारी बाई, माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिला ताई म्हणायचो, तेही मनातच. दोघं दर गुरुवारी एकाच विषयावर भांडत: जपानातल्या छोट्या कारखान्यांची बिअर सुधारली की बिघडली.

काकांनी सगळं पहिल्यापासून पाहिलेलं. कायदा सैल झाला तेव्हा गरम झऱ्यांच्या प्रत्येक गावात बिअर निघायला लागली. पर्यटकांना भेट म्हणून द्यायची, महाग आणि बहुतेक वाईट. काका रजा काढून, रेल्वेनं त्या त्या गावी जाऊन ती पीत. मग लोकांचा शौक फिटला आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. जे तगले ते खरोखर चांगली, साधी, स्वच्छ बिअर करायला शिकले. काकांच्या लेखी तोच चांगला काळ. "आता काय?" ते म्हणत. "गढूळ पाणी. फळांचा रस. डब्यावर कार्टून. दर आठवड्याला नवी बिअर, दर आठवड्याला नवं नाव. मला आवडलेली बिअर पुन्हा प्यायची असते हो. ती पुन्हा निघतच नाही."

ताई शांतपणे ऐकून घेई. मग म्हणे, "तुमच्या त्या चांगल्या काळात मी एकटी अशा दुकानात आले असते, तर माझ्याकडे कसं बघितलं असतं?" काका शेंग सोलायला घेत आणि ती पुढे म्हणे, "आता करणाऱ्यांत बायका आहेत, तरुण मुलं आहेत. आपल्या डोंगरातलं लिंबू, आपल्या रानातलं तिरफळासारखं फळ त्यात पडतंय. पूर्वी जर्मनीची नक्कल होती. आता कुठे आपली चव आली." काका म्हणत, "चव आली आणि बिअर गेली." मालक पेले पुसत हसे. नव्या बिअर महाग होत चालल्यात आणि तरुण मंडळी मुळात पितच कमी, ही त्याची काळजी. त्यामुळे तो दोघांनाही हो म्हणे.

मी परत आलो, लग्न केलं, साताऱ्यात नोकरी धरली. बिअर आपोआप सुटली. ते दोघं मात्र सुटले नाहीत. गेल्या वर्षी ताईचा फोन आला. मालकानं दुकानामागे स्वतःची बिअरची छोटी भट्टी टाकली होती. जपानात दारू पिण्याआधी हळदीचं औषधी पेय घेतात, दुसऱ्या दिवशी डोकं धरू नये म्हणून. ताई ते रोज विकते. तिच्या डोक्यात आलं, की हळद बिअरमध्येच का टाकू नये? "तुझ्या वडिलांचा हळदीचा व्यापार आहे ना? आम्ही बघायला येतो. काकाही येतायत. त्यांना हे पसंत नाही, म्हणूनच येतायत."

मी आण्णांना फोनवर सांगितलं, "जपानचे मित्र हळद बघायला येणार आहेत." आण्णा म्हणाले, "औषधाला व्हय?" मी म्हणालो, "तसंच काहीतरी." फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "आता तुम्ही निस्तरा."

पुण्याहून त्यांना गाडीत घेतलं. साताऱ्याच्या वाटेवरचा खंडाळा मागे पडला, घाट ओलांडला. काका खिडकीतून उसाच्या गाड्या मोजत होते. मी म्हणालो, "पेढीवर बिअरचा विषय काढू नका. वडील पीत नाहीत. त्यांना माहीत नाही." ताई म्हणाली, "काय माहीत नाही? आमचं?" मी म्हणालो, "माझंही." दोघांनी मान डोलावली आणि रात्री आम्ही साताऱ्यात माझ्या घरी थांबलो.

दुसऱ्या दिवशी सांगलीत पोचलो तेव्हा सौदे संपत आले होते. पेढीवर पोती मांडलेली, सगळीकडे पिवळा धुरळा. आण्णांनी पाहुण्यांना गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि एक हळकुंड उचलून मोडलं. कट्कन आवाज झाला. आतला रंग गर्द केशरी. काकांनी ते हातात घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं. मग ताईला देत जपानीत म्हणाले, "कडू आहे. हे बीरुत घातलं तर बीरु मरेल." ताई म्हणाली, "थोडं घालायचं. बीरुला रंग येईल, मातीचा वास येईल." "बीरुला मातीचा वास कशाला?" "कारण ती त्या जागेची बीरु होईल!" पाच मिनिटांत ते स्टेशनखालच्या दुकानात असल्यासारखे भांडायला लागले. माझी विनंती दोघंही साफ विसरले.

आण्णा एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. "काय रं, ही दोघं सारखं बीरु बीरु काय म्हणत्यात?"

जपानीत बिअरला बीरु म्हणतात.  सहा वर्षं ती भाषा बोलून एवढा एक शब्द मला फिरवता आला नाही.

"बिअर, आण्णा," मी म्हणालो. "त्यांना हळद बिअरमध्ये घालायची आहे. औषधाला नाही. मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं."

पेढीवरचा दिवाणजी कामाचं निमित्त काढून बाहेर गेला. पाहुण्यांच्याही लक्षात आलं. ताईनं हळकुंड खाली ठेवलं आणि काका मांडीवर हात ठेवून ताठ बसले.

"आणि ह्यांची तुझी वळख कुठली?" आण्णांनी विचारलं.

"बिअरच्या दुकानातली."

"तू पीत हुतास?"

"व्हय. दर गुरुवारी. आता नाही पीत."

आण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. मी ओरडा ऐकायच्या तयारीनं बसलो होतो. त्यांनी विचारलं, "गुरुवारी ह्यांच्यातच असायचास?"

"व्हय."

"म्हंजे एकटा नव्हतास."

मला कळेना. आण्णा खाली बघत बोलायला लागले. "गुरुवारी तू फोन उचलत न्हवतास. बाकी रोज उचलायचास. तुझी आई म्हणायची, काम असंल. मला वाटायचं, पोरगं त्या दिशी लय खचत असंल, आवाज आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोन घेत नसंल. सहा वर्सं गुरुवारी माझा डोळा लागला न्हाई नीट." मग पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "प्यालास ते मला आवडलं न्हाई. ते सांगून ठेवतो. पण माणसं हुती म्हणायची तुला."

ताईनं मला हळूच विचारलं, वडील रागावले का. मी आण्णांचं बोलणं, गुरुवारच्या फोनासकट, तिला जपानीत सांगितलं. काकांनीही ते ऐकलं. त्यांनी दोन्ही हात गादीवर टेकून आण्णांना वाकून नमस्कार केला. आण्णांनी घाईघाईनं त्यांचे खांदे धरले. "आवं, तुमी मोठं हायसा, असं नगा करू."

मग आण्णांनी व्यापाऱ्याच्या सुरात विचारलं, "भांडण काय हाय ह्यांचं?" मी सगळं सांगितलं: पूर्वीची बिअर, आताची बिअर, डबे, फळं, हळद. आण्णा मन लावून ऐकत होते. "आमच्याकडं बी हेच," ते म्हणाले. "पूर्वी हळद पेवात ठेवायचे. नदीकडंला, जमिनीत खोल खड्डे. वर्षानुवर्षं माल टिकायचा. पुरात पेवं गेली, आता शीतगृहं आली. म्हातारी माणसं म्हणत्यात, पेवातल्या हळदीची सर न्हाई. खरं हाय. पण पेव उघडून लगेच आत उतरलं तर माणूस गुदमरायचा. ते कुणी सांगत न्हाई."

मी हे सांगितलं तेव्हा ताईनं टाळी वाजवली. काकांनी समोरचं हळकुंड उचलून पुन्हा हुंगलं. मग म्हणाले, "पहिल्या काळातली वाईट बिअर मी विसरत नाही. पण सांगताना ती वगळतो, हे खरं."

हळद द्यायला मात्र आण्णांनी नकार दिला. राग नव्हता त्यात. "दारूसाठी माझ्या पेढीवरनं माल जाणार न्हाई. माझ्या मालाचं पुढं कोण काय करतं ते मला ठाऊक नसतं, मटणाच्या मसाल्यातबी जात असंल. पण कळल्यावर देणं न्हाई." ताईचा चेहरा उतरला. तेवढ्यात आण्णा चपला घालायला लागले. "चला. शेजारच्या पेढीवर जाऊ. तिथं ह्यांना कुणी जुना माल गळ्यात मारायला नको."

आणि शेजारच्या पेढीवर माझे वडील तासभर पोती उघडून घेत होते. हळकुंडं मोडून, रंग उन्हात धरून, बिअरसाठी हळद निवडत होते. काका त्यांच्या मागेमागे. एकाला मराठी येत होती, एकाला जपानी; मला फारसं कुणी विचारलं नाही. शेवटी आण्णांनी कमी कडू, जास्त वासाचा माल काढला आणि म्हणाले, "जास्त घालू नका म्हणावं. चिमूट." काका म्हणाले, "मी हेच म्हणतोय." ताई म्हणाली, "मीही."

दिवस मावळायच्या आत घरी जेवायला बसलो. आईनं शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी वाढली. तिला आण्णांनी स्वयंपाकघरात जाऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाईला तिखट चालतंय का विचार." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

पावसाळ्यात ताईनं फोटो पाठवला. पेल्यात फिकट सोनेरी बिअर, तळ दिसेल इतकी स्वच्छ. तिच्या मते हळद आणखी थोडी चालली असती. काकांच्या मते नसती तरी चाललं असतं, पण त्यांनी दोन पेले घेतले आणि मालकाला बजावलं की पुढच्या वर्षी हीच करायची, नवी नाही. मी आण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "स्वच्छ हाय ना? गढूळ न्हाई ना झाली?" मी नाही म्हणालो. "मग बरं झालं," आण्णा म्हणाले, आणि सौदा सुरू झाला म्हणून त्यांनी फोन ठेवला.