वीतभराची भिंत

शिवणकाम करणाऱ्या मावशींना अख्खी गल्ली ‘टेपमावशी’ म्हणायची. गळ्यात कायम मापाची टेप आणि तोंडात कायम प्रश्न. कुणाकडे पाहुणा आला की चहा व्हायच्या आत त्याची सगळी कुंडली मावशींकडे तयार. नसत्या चौकशा म्हटलं की त्यांना राग यायचा. विचारल्याशिवाय कळतं का कुणाला, म्हणायच्या. आता खरं सांगायचं तर त्यांनी सगळे प्रश्न विचारले होते, एक सोडून.

तो प्रश्न भिंतीचा. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी घराचे दोन भाग केले, मधे भिंत घातली. तेव्हा मावशी यजमानांच्या नोकरीपायी परगावी, आणि थोरले दीर-जाऊबाई तिथेच. मावशी परत आल्या, मागच्या स्वयंपाकघराला टेप लावली, तर वीतभर जागा कमी. झालं! जाऊबाईंनी भिंत सरकवून घेतली, हे डोक्यात बसलं ते बसलंच. जाऊबाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. त्यांचं म्हणणं, जागा गेली ती आमची, आणि वर चोराच्या उलट्या बोंबा. पुढे दोघे भाऊ वारले, मुलं लांब गेली, तरी दोघींचा अबोला काही सुटला नाही. भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या आपापला रेडिओ मोठा करून बसायच्या.

मग गल्ली पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. घरं पडली, पण पाया खणण्याआधी उत्खननवाले आले. खाली जुनं गाव आहे, ते तपासल्याशिवाय वर काही बांधायचं नाही, असा नियम. नव्या घरांचं वाटप शनिवारी पक्कं व्हायचं होतं. दोघींनी वेगवेगळं जाऊन एकच सांगून ठेवलं होतं, कुठलाही मजला द्या, पण तिचा शेजार नको.

मावशी तात्पुरत्या खोलीतून रोज खड्ड्यापाशी यायच्या. माती इथे काळी का? एवढ्याशा ब्रशने हे कधी व्हायचं? उत्खनन करणारी तरुण बाई न कंटाळता उत्तरं द्यायची. शेवटी तिने मावशींसाठी दोरीच्या कडेला एक स्टूलच ठेवलं.

“माझी भिंत कुठंय गं?” मावशींनी एकदा विचारलं.

“ही काय.” विटांचे खालचे दोन थर अजून शाबूत होते, आणि त्यांच्याखाली जुनाट दगडी भिंत, चांगली तिरकी. “खालची शेकडो वर्षांपूर्वीची आहे, मावशी. तुमच्या सासऱ्यांना आयता पाया मिळाला, त्यांनी त्यावरच विटा चढवल्या.”

“म्हणजे सरकवली नाही कुणी?”

“कशी सरकवणार? तिरकी असल्यामुळे मागे तुमची जागा गेली, पुढे पलीकडच्यांची.”

मावशींनी गळ्यातली टेप काढली, बाईला दुसरं टोक धरायला लावून पुढची बाजू मोजली. वीतभर जास्त. ही बाजू त्यांनी कधी मोजलीच नव्हती. आपल्याकडे जास्त आलेलं कोण मोजतं? मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं.

संध्याकाळी त्यांनी जाऊबाईंच्या तात्पुरत्या खोलीचं दार वाजवलं.

“काय गं?” जाऊबाई दारातूनच म्हणाल्या.

“एक दाखवायचंय. चला.”

चौकसपणा काही एकट्या मावशींची मक्तेदारी नव्हती. जाऊबाईंनी चपला घातल्या. खड्ड्याच्या कडेला मावशींनी सगळं समजावून सांगितलं. जाऊबाईंनी वाकून भिंतीची दोन्ही टोकं पाहिली.

“पुढची वीत माझी होती, हे मी म्हणतच होते,” त्या म्हणाल्या.

“आणि मागची माझी.”

“मागचं मी कधी मोजलं नाही.”

मावशींचे डोळे भरून आले. “मामंजींनी एका शब्दाने सांगायचं होतं.”

“तू विचारलं होतंस त्यांना?”

जगाची चौकशी करणाऱ्या मावशींनी मान हलवली, नाही. “तुम्ही?”

“मी तरी कुठे.”

शनिवारी ऑफिसातल्या कारकुनाने दोघींसमोर दोन वेगवेगळ्या मजल्यांचे नकाशे ठेवले.

“हे राहू दे,” जाऊबाई म्हणाल्या. “शेजारशेजारची दे.”

कारकून गोंधळला. “पण मधली भिंत सामाईक येईल.”

“येऊ दे,” मावशी म्हणाल्या. “फक्त ती घालाल तेव्हा आम्हा दोघींना बोलवा. पुढूनही मोजायचीय आणि मागूनही.”