तपकिरी रंगाखालची भेग

१६ फेब्रुवारी, रविवार. बदकांच्या शिकारीचा हंगाम काल संपला, म्हणून आज होडी धुवायला काढली. हंगाम संपला की होडी धुवून, वाळवून पालथी घालायची असते. चिखल एकदा वाळला की सिमेंटसारखा बसतो, मग ब्रशला सहजी दाद देत नाही. जपानात, सेंदाईच्या उत्तरेला तासाभरावर आम्ही राहतो. इमारतीच्या पार्किंगमधल्या नळाचं पाणी इतकं गार होतं की रबरी हातमोज्यांतूनही बोटं बधिर झाली. वरच्या खिडकीतून नवरा म्हणाला, "अगं, गरम पाणी आणून देऊ का?" मी नको म्हटलं. गेला महिनाभर तो फार मदत करतो.

होडी माझी नव्हती. ती शिशोंची. शिशो म्हणजे उस्ताद. मी त्यांना थट्टेने तसं म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. वय सत्त्याहत्तर. मी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात रंगविभाग सांभाळते, तिथले ते गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी त्यांचा होडी ढकलणारा जोडीदार वारला. बंदूक होती, परवाना होता, पण एकाच माणसाने होडीही चालवायची आणि नेमही धरायचा हे जमत नाही. त्यांनी रंगाचे डबे बघता बघता मला विचारलं, "ओकुसान, तुला पोहता येतं?" ओकुसान म्हणजे वहिनी. मी म्हटलं, येतं. "गप्प बसता येतं?" मी म्हटलं, नवऱ्याला विचारून सांगते. ते हसले आणि काम ठरलं. मुलगी कॉलेजसाठी ओसाकाला गेली होती, नवरा लॅपटॉपसमोर. रविवारची पहाट मला मोकळीच होती.

त्यांची जुनी लाकडी होडी गेल्या ऑक्टोबरात कुजली, तेव्हा दुसरी निवडायला आम्ही मच्छीमार बंदरातल्या जुन्या होड्यांच्या अंगणात गेलो. हवेची रबरी होडी हलकी आणि स्वस्त होती, पण कापलेल्या बोरूचे खुंट सुरीसारखे असतात आणि वारा तिला पतंगासारखी उडवतो. दुसरी एक लांब, निमुळती, दिसायला देखणी होती. शिशो तिच्याभोवती दोनदा फिरले. मी म्हटलं, "हिच्यात तुम्ही बाजूला वळून बार काढलात की दोघंही पाण्यात." शेवटी मी हट्टाने चपट्या तळाची, रुंद, फायबरची घ्यायला लावली. वीतभर पाण्यात तरंगते. कडा बुटक्या, म्हणून बोरूच्या वर दिसत नाही. लांबी तीन मीटरच्या आत, त्यामुळे नोंदणी नको, आणि माझ्या छोट्या गाडीच्या टपावर मावते. इंजिन नाहीच. उथळ पाण्यात वल्हंही निरुपयोगी. बांबूने ढकलायची, बांबूच्या टोकाला लाकडाची चकती ठोकायची, नाहीतर तो चिखलात रुततो आणि माणूस बांबूला लटकून राहतो, होडी पुढे जाते.

मागे गुडघ्यांवर बसून मी ढकलायची, पुढे शिशो. पुढच्याचं काम नेमाइतकंच महत्त्वाचं: पाण्याखालचे जुने खुंटे बघायचे आणि हाताने डावीकडे-उजवीकडे खूण करायची. बोलायचं नाही.

होडी घरी आणली त्या रविवारी नवरा भारतीय दुकानातून नारळ घेऊन आला. नवं वाहन आणि नारळ नाही, हे त्याला सहन होत नाही. दहा वर्षं देवाला हात न जोडणारा माणूस, पण गाडी घेतली की नारळ. हळदकुंकू लावायला निघाला तेव्हा मी थांबवलं. लाल-पिवळा ठिपका बदकांना अर्ध्या मैलावरून दिसेल. मग तो नारळ फोडायला दगड शोधू लागला.

"इथे कुठला दगड?" मी म्हटलं. "आणि डांबरावर फोडू नकोस. डाग पडला तर खालच्या मजल्यावरची बाई उद्या नोटीस लावेल."

"मग काय डोक्यावर फोडू?"

"फोड कुठेतरी लवकर. गार पडतंय."

होडीच्या पुढच्या टोकाला दोर बांधायची लोखंडी कडी आहे. त्याने तिच्यावर फोडला. इथले नारळ कसले, लाकडाचे गोळे. तीन घाव घातले. तिसऱ्याला फुटला, पाणी मी वाटीत धरलं, खोबऱ्याची संध्याकाळी चटणी झाली. कडीच्या बुडाशी केसाएवढी रेघ उमटलेली मला दिसली. थंडीत फायबर कडक होतं, हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून तीनदा सांगते. पण येत्या शुक्रवारी हंगाम उघडणार होता. रेघ घासून, कापड चिकटवून, राळ भरून वाळवायला आठवडा गेला असता, आणि शिशोंना कारण सांगावं लागलं असतं. होडीला तसाही मातकट रंग द्यायचाच होता. चकाकणारी होडी बघून बदकं उतरत नाहीत. मी मॅट तपकिरी रंगाचे दोन हात दिले. रेघ दिसेनाशी झाली. काम चोख दिसत होतं.

नोव्हेंबर, डिसेंबर नीट गेले. शिशो मला वाट्याची दोन बदकं देत, मी साफ करून काळ्या मसाल्यात रस्सा करी आणि डबाभर त्यांना पोचवी. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी येई आणि ते म्हणत, "हे बदक मेल्यावरही लढतंय."

जानेवारीत एका सकाळी, पाण्यावर पापुद्र्यासारखं बर्फ असताना, होडी एका बुडालेल्या खुंट्याला टेकली. टेकली म्हणजे अगदी हळू; धड होडीला ते कळलंही नसतं. पुढच्या टोकाशी कडकन आवाज झाला आणि पाणी आत आलं. पाणी कमरेएवढंच होतं, पण खाली मांडीभर चिखल. पाय घातला की चिखल सोडत नाही. मी बांबू आडवा टाकला, त्यांना त्याच्यावर पोटाने झोपवलं आणि ओढत काठाला आणलं. बंदूक त्यांनी सोडली नाही. गारठ्यामुळे चार दिवस ते दवाखान्यात होते.

त्यांची लेक सेंदाईहून आली. माझ्याशी ती अतिशय नम्रपणे बोलली, म्हणजे किती रागात असेल ते मला कळलं. पण शिशोंनीच मध्ये पडून सांगितलं, "हिची चूक नाही. पुढे मी होतो. खुंटा मला दिसलाच नाही." लेक म्हणाली, "बाबा, मग आता पुरे." ते गादीवर पडून छताकडे बघत होते. म्हणाले, "पुरे."

मी गप्प बसले. गप्प बसता येतं का, हे त्यांनी आधीच विचारलं होतं.

फुटलेली होडी मी घरी आणली तेव्हा भेग नीट पाहिली होती. ताज्या फुटीची कड पांढरी असते. ह्या भेगेच्या अर्ध्या भागात, आतपर्यंत, तपकिरी रंग मुरलेला होता. म्हणजे भेग रंगाच्या आधीची. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "आता सांगून काय मिळणार? नारळ फोडला हे त्यांना समजावणार कसं? आणि म्हातारा वाचलाय ना?" मी त्याला मूर्ख म्हटलं, पण होडीवर ताडपत्री मीच टाकली. तो घाबरट आहे, हे खरंच. पण रंगाचा डबा त्याने नव्हता उघडला.

परवा शिशोंचा फोन आला. सोमवारी सकाळी लेक येणार, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. "होडी तू ठेव," ते म्हणाले. "चांगली निवडली होतीस. मीच आंधळा झालो." डोळे तपासून घेतलेत का, विचारलं. म्हणाले, डॉक्टर म्हणतो ठीक आहेत, पण डॉक्टर काय पाण्यावर बसतो?

आज होडी धुताना घासघासून वाळका चिखल निघाला आणि भेगेतला तपकिरी रंग पुन्हा वर आला. नवरा गरम पाण्याची बादली घेऊन खाली आलाच. भेगेकडे न बघता म्हणाला, "आता छान बुजवून टाक. तुझीच आहे ना आता." बादली मी तशीच गटारात ओतली.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी सात वाजता होडी टपावर बांधून शिशोंच्या घरी गेले. लेकीची गाडी दारात चालू होती. ते कोट घालून, बंदुकीची पिशवी धरून उभे होते. मी त्यांना टपाजवळ बोलावलं आणि एका दमात सांगितलं: नारळ, कडी, रेघ, माझा रंग. त्यांनी हातमोजा काढला आणि नखाने भेगेतला रंग खरवडून पाहिला.

"नोव्हेंबरात माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला पाण्यावर नेलंस."

"हो. खुंट्याने काही झालं नसतं. तुमचे डोळे ठीक आहेत."

"महिनाभर लेक आली की मला हाताला धरून पायऱ्या उतरवते," ते म्हणाले. "मला पायऱ्या दिसत होत्या."

लेकीला निम्मंच कळलं असावं, ती म्हणाली, "बाबा, उशीर होतोय."

"आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. हंगाम चालू होता तेव्हा सांगितलं असतं तर ते कदाचित पुन्हा पाण्यावर गेले असते, तेही दुसऱ्या कोणाबरोबर. हंगाम संपेपर्यंत मी त्यासाठीच थांबले होते, हे मला तिथे उभं असतानाच कळलं, आणि ते मी बोलले नाही. त्यांनी पिशवी मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "होडी इथेच उतरव."

गाडी पोलीस ठाण्याच्या दिशेने वळली. मी होडी एकटीने टपावरून सरकवून उतरवली, शेडजवळच्या दोन ओंडक्यांवर पालथी घातली, बांबू बाजूला ठेवला. नऊला पाच कमी असताना दुकानात पोचले आणि रंगाच्या काउंटरचं शटर वर केलं.