खालचं उजवं स्ट्रेचर

स्पष्टच सांगतो, अशा गूढ अनुभवांच्या सदरांतले किस्से मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. कारखान्यांचे वजनकाटे तपासणं हे माझं काम, गेली चोवीस वर्षं. काटा ग्रॅमभर हलला तरी त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं. म्हणून इथे घडलं तेवढंच लिहितो.

आम्ही नेरूळला राहतो. माझे वडील सैन्यात ड्रायव्हर होते. घरात कुठलंही बंद दार दिसलं की बाबा त्यावर दोनदा टकटक करायचे आणि आतून एकदा उत्तर यायलाच हवं असायचं. लहानपणी एकदा मी बाथरूममध्ये मुद्दाम गप्प बसलो, तर त्यांनी कडी तोडली. आता मार बसणार असं वाटलं... पण ते नुसते माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, आई गेली त्या वर्षी, सकाळच्या चहाला.

एकाहत्तरच्या युद्धात त्यांच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्स ट्रक होता. आत चार स्ट्रेचर, दोन वर आणि दोन खाली. वरची आधी चढवायची, खालची आधी उतरवायची. म्हणून ज्याची अवस्था जास्त वाईट, तो खाली. स्प्रिंगा ओझ्यासाठी बनवलेल्या, प्रत्येक खड्डा जखमेत जायचा, म्हणून वेग ताशी पंधराच. ड्रायव्हरच्या पाठीमागे पत्रा, मागचं काही दिसायचं नाही. मागे बसायला माणूस नसला की बाबा जखमींना आधीच सांगून ठेवायचे — गाडी थांबली की मी दोनदा ठोकेन, तुम्ही एकेकदा ठोका. चौघांची डोकी पत्र्याकडे. वरून की खालून, डावीकडून की उजवीकडून, आवाजावरून कळायचं.

एका खेपेला पोचल्यावर ठोकलं, तर तीनच ठोके आले. खालचा उजवा गप्प. तो गेला असं धरून बाबांनी बाकीच्या तिघांना आधी उतरवलं. डॉक्टरांनी त्याचं ब्लँकेट बाजूला केलं, तर त्याचे मोडलेले दोन्ही हात फळ्यांना बांधलेले, ठोकता येणारच नव्हतं. अंग गरम होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले की हा आत्ता, आत्ता गेला.

"मी मोजलं रे," बाबा मला म्हणाले. "उतरून बघितलं नाही."

चहा तसाच राहिला.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आठ महिने अंथरुणात. एका दुपारी श्वास फारच लागला म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. वाशीच्या हॉस्पिटलपर्यंत साधारण सात किलोमीटर. मागे बाबांजवळ माझी बायको सुनीता बसली, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मधली खिडकी बंद, तिच्यावर कागद चिकटवलेला. सारसोळेच्या सिग्नलला गाडी थांबली. सिग्नलवर उरलेल्या सेकंदांचा आकडा दिसत होता: ८४.

हात आपोआप मागे गेला. मी पत्र्यावर दोनदा ठोकलं.

एक ठोका आला. वरून, डावीकडून. मग वरून, उजवीकडून. मग खालून, अगदी माझ्या पाठीशी.

ड्रायव्हर हसला. "काका, तुमचे बाबा ठोकतायत. बरे दिसतायत की."

मी मोजत होतो. तीन... आणि मग काहीच नाही. आकडा ३० वर आला. २०. ११ वर असताना एक हलका ठोका आला. खालून, उजवीकडून.

"आता माझ्या पाठीमागनं," ड्रायव्हर म्हणाला.

वाशीला मागचं दार उघडलं तेव्हा सुनीता रडत होती. बाबा गेले होते. कधी, ते तिला सांगता येईना. सारसोळेच्या आसपास श्वास थांबल्यासारखा वाटला, ती काच वाजवणार होती, पण पुन्हा एक श्वास आला म्हणाली. ठोके तिनं ऐकलेच नव्हते. बाबांचे हात पट्ट्याखाली होते, ब्लँकेटमध्ये.

तेराव्यानंतर मी ती गाडी पुन्हा जाऊन पाहिली, मोजायची टेप घेऊन. आत स्ट्रेचर एकच, खाली उजवीकडे. वरचे दोन ठोके आले तिथे औषधांची कपाटं आहेत, डावीकडे खाली ऑक्सिजनचा सिलिंडर. तो पट्ट्यानं घट्ट बांधलेला होता. हलवून पाहिला, हलला नाही. गाडी तर उभीच होती. ड्रायव्हरला विचारलं, तोही चारच म्हणाला.

पहिल्या तिघांचं काय, ते मला माहीत नाही. पण रात्रंदिवस डोक्यात आहे तो चौथा. त्या जागी बाबा होते. तो ठोका त्यांचा असेल, तर ते मला बोलावत होते आणि माझ्याकडे चौऱ्याऐंशी सेकंद होते, ठोका आल्यावरही अकरा. उतरून मागचं दार उघडायला दहा पुरले असते. मी मोजत बसलो.

आणि तो ठोका त्या जवानाचा असेल, तर बाबांना पन्नासहून जास्त वर्षांनी उत्तर मिळालं.

कोणाचा, ते ठरवायला माझ्याकडे काहीही साधन नाही. तो त्या जवानाचा असावा, एवढंच वाटतं. बाबांनी मला हाक मारली नसली तरी चालेल.