पहिल्या विचारण्याला हो

दर रविवारी संध्याकाळी मी फोनसमोर बसून स्वीडनमधल्या एका लुटुपुटीच्या हॉटेलात जेवायला जातो आणि उपाशी उठतो. वेटर माझी मुलगी. शिरूरकडच्या एका कारखान्यात नोकरीला होती, तिथून पाच वर्षांपूर्वी तिकडं गेली. मी इकडं केडगावात, एकटा. तिची आई गेल्यापासून तिला माझ्या जेवणाचीच काळजी. "आबा, तुम्ही कधी इकडं आलात तर ऑर्डर तुम्हीच द्यायची, मी मध्ये बोलणार नाही," असं म्हणाली आणि तिकडच्या भाषेची शिकवणी सुरू झाली. जन्मभर राहू गावच्या शाळेत मी पोरांचे कान पिळले. आता माझे कान तिच्या हातात.

शब्द जमले. पाणी म्हणजे वत्तेन, कॉफी म्हणजे काफे. हवं असेल तर 'या, तक्क', नको असेल तर 'नेय, तक्क'. तक्क म्हणजे आभार. नको म्हणताना आभार कशाचे, ते काही कळलं नाही, पण वहीत लिहून घेतलं.

घोळ व्हायचा तो पुढं. ती खांद्यावर नॅपकिन टाकून विचारायची, "विल दू हा काफे?" म्हणजे कॉफी घेणार का? मी म्हणायचो, "नेय, तक्क." आणि वाट बघत बसायचो.

"आबा, संपलं. वेटर गेला."

"असा कसा गेला? परत विचारायला नको?"

"तुम्ही नको म्हणालात ना?"

"अगं, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायला मी काय हावरट आहे?"

"इथं एकदाच विचारतात. नको म्हणजे नको. पुन्हा पुन्हा विचारलेलं बरं दिसत नाही."

मी चक्रावलो. एकदाच विचारून कुणी गप्प बसला, तर आपल्याकडं त्यानं तोंडदेखलं विचारलं म्हणतात. शेजारचे आप्पा रोज सकाळी येतात. "च्या नगं, आत्ताच घिऊन आलोय," म्हणतात. मी दुसऱ्यांदा म्हणतो, ते हात हलवतात. तिसऱ्यांदा म्हणतो, तेव्हा "बरं, घोटभर द्या," म्हणून कपभर पितात आणि बशीत सांडलेलाही सोडत नाहीत. यात आमच्यापैकी कुणीच खोटं बोललेलं नसतं. हे मुलीला समजावू लागलो तर ती नुसती हसली. घरात हेच बघत वाढलेली पोर, पाच वर्षांत विसरली कशी?

मग एका रविवारी शिकवणी संपल्यावर तिनं विचारलं, "आबा, उन्हाळ्यात तीन महिने येता का इकडं? तिकीट काढू?"

"नको बाई," मी म्हणालो. "दारातली लिंबं कोण बघणार? तुला तरी सुट्टी कुठंय?"

"बरं, आबा."

बस्स. पुढच्या रविवारी सूप कसं मागायचं ते शिकवलं. त्याच्या पुढच्या रविवारी बटाटे. तिकिटाचं नाव नाही. मला काही सुधरेना. न्यायचंच नसेल तर बटाटे कशाला शिकवते? आणि न्यायचं असेल तर बोलत का नाही? आप्पांना सांगितलं, तर ते बशी खाली ठेवून म्हणाले, "दुसऱ्यांदी इचारलं न्हाई म्हंजी तिचं बी मन नसंल, गुरुजी. पोरीला अडचण आसंल कायतरी."

ते मला फार लागलं. इथल्या रीतीनं आप्पा बरोबरच होते. पण ती इथल्या रीतीनं गप्प आहे की तिथल्या, हे कुणाला विचारायचं?

रविवारी पुन्हा नॅपकिन आला. "विल दू हा काफे?"

"काफे राहू दे," मी म्हणालो. "तू मागं उन्हाळ्याचं काहीतरी विचारलं होतंस. ते परत विचार."

तिनं नॅपकिन खांद्यावरून काढून हातात घेतला. "तुम्ही नको म्हणाला होतात, आबा."

"या, तक्क," मी म्हणालो.

तिनं फोन टेबलावर तसाच आडवा ठेवला. मला तिच्या घराचं छत दिसत राहिलं. नाक ओढल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला खरंच यायचं नाही."

"यायचं नसतं तर या वयात बटाटे कशाला पाठ केले असते?" मी ओरडलो, शाळेत ओरडायचो तसाच.