शहनाझभाभींचं हेरेझ

शारजाच्या नहदा भागात, जिथे मजल्यामजल्यावर रायगड-रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबं राहतात अशा इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘गुरुवार, हेरेझ, दुपारी दोन, शेरीचाखणी, चौघे: विलास, हेमा, खैरुद्दीन, शहनाझ’ असा मजकूर टाकायला माणूस एकतर शूर लागतो, नाहीतर विलास लागतो. विलास शूर नव्हता. त्याला तो मजकूर बायकोला, म्हणजे हेमाला, पाठवायचा होता. पण दुबईहून परतताना ट्रॅफिकमध्ये शेअरिंगच्या गाडीत मागच्या सीटवर तो पेंगत होता, आणि बोट घसरलं.

त्या ग्रुपवर एरवी ‘लिफ्ट बंद आहे’ आणि ‘टाकी धुणार, पाणी भरून ठेवा’ याखेरीज काही येत नसे. आधी चौथ्या मजल्यावरच्या बुजुर्गांनी नुसतंच एक प्रश्नचिन्ह टाकलं. मग कुणीतरी लिहिलं, ‘शारजात दारू मिळत नाही म्हणून थेट स्पेन?’ विलास घाबरला आणि त्याने मेसेज पुसला. पुसला, पण फक्त स्वतःच्या फोनवरून. बाकी इमारत तो वाचतच राहिली.

घरी पोचून बूट काढतो न काढतो तोच समोरच्या दारातून खैरुद्दीन आला. एसीच्या कारखान्यात फोरमन, आवाज कारखान्यातला, पण आज अगदी बसलेला.

“विलासभाई, काय केलंस हे? आपाचा फोन येऊन गेला.”

“मुसफ्फ्याहून? इतक्यात?” खैरुद्दीनची थोरली बहीण अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यात राहायची.

“तू गाडीतून उतरायच्या आधी तुझा मेसेज अबू धाबीला पोचला. आपा म्हणते, हज करून आलेला माणूस बायकोला घेऊन दारू चाखायला निघाला! आता खलास. आमचं दोघांचं कॅन्सल कर.”

“अरे, तुमची नावं मी उगाच घातली. चौघांचं बुकिंग स्वस्त पडत होतं. तुमचे ग्लास मी पिणार होतो!”

“हे आपाला सांग,” खैरुद्दीन म्हणाला, आणि विलासची तेवढी छाती नव्हती.

खरं तर हेरेझ हे गाव विलासने शोधलंच नव्हतं. ते शोधलं शहनाझभाभींनी. आखातातल्या माणसाची सुट्टी म्हणजे गाव, यात बदल नाही. दरवर्षी दोरीने आवळलेले खोके घेऊन शहनाझभाभी श्रीवर्धनला सासरी जायच्या, तिथे महिनाभर माणसांच्या पंगती वाढायच्या आणि परत आल्या की म्हणायच्या, “चला, सुट्टी संपली, आता जरा बसते.” यंदा त्यांची कॉलेजातली मुलगी हिबा फोनवर कसलासा व्हिडिओ बघत होती. पांढरा घोडा, वर जुन्या पोशाखातला स्वार, आणि गाण्याच्या तालावर घोडा पावलं टाकतोय, एका जागी उभा राहून नाचतोय. भाभींच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

“हे कुठलं गाव?” त्यांनी विचारलं. लग्न झाल्यापासून त्यांनी कुठल्या गावाची चौकशी केल्याचं खैरुद्दीनला आठवत नव्हतं. व्हिसा झाला, तिकिटं झाली. खैरुद्दीनने सवयीने बॅगेला दोरीही बांधली आणि मार्करने वर नाव घातलं. विलास-हेमा सोबतीला निघाले, कारण त्या गावाची शेरी नावाची वाइन जगप्रसिद्ध आहे हे विलासला ठाऊक होतं आणि शारजात राहून त्याचा घसा वर्षानुवर्षं कोरडा होता.

आता सगळंच मोडणार असं दिसलं. हेमाने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की तो फ्रीजकडे बघायला लागला. इतक्यात शहनाझभाभी स्वतःच आल्या, ओल्या हातांनी. खैरुद्दीनच्या खिशातून फोन काढला, आपाला लावला आणि स्पीकरवर टाकून विलासच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला.

“आपा, सलाम. मी जातेय.”

“बिलकुल नाही!” मुसफ्फ्यातून रुकय्याआपा गरजल्या. “त्या गावात दारूशिवाय काय आहे?”

“किल्ल्यात जुनी मशीद आहे, आपा,” विलासने मागून भीत भीत सांगितलं.

“तू गप बस!”

“दुबईत बार आहेत म्हणून आपण मीनाबाजारला कपडे घ्यायला जायचं सोडलंय का?” भाभी म्हणाल्या. “मला तिथले घोडे बघायचेत. आमच्या अब्बांचा बादल आठवतो तुम्हाला?”

“तो पांढरा? म्हसळ्याचा? वरातीत नाचायचा तो?”

“तोच. त्याला चारा मी घालायची, आयाळ मी विंचरायची, पायात घुंगरू मी बांधायची. आणि वरात निघाली की अम्मी मला आत ओढायची. पोरीने रस्त्यावर जायचं नाही. सगळ्या तालुक्याने त्याला नाचताना बघितला, आपा. घरात मी फक्त घुंगरू ऐकायची. मग तो म्हातारा झाला आणि गेला.”



“आमचे हे त्याच्यावरच बसून आले होते,” आपा म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. “दारात काय नाचला म्हणतात. अजून सांगतात गावात. मी आत, ओल्या मेंदीचे हात धरून बसलेली.”

“म्हणजे तुम्ही पण नाही बघितलात?”

“कुठून बघणार? जा तू. नीट बघ आणि मला येऊन सांग. खैरू आडवा आला तर मला फोन कर.” मग पुन्हा मूळ आवाजात, “आणि त्या विलासला म्हणावं, ग्लास लांब ठेव!”

खैरुद्दीनने बायकोकडे पाहिलं. मग विलासला म्हणाला, “यल्ला, चल, आमची दोन नावं तेवढी काढ चाखणीतून.”

गुरुवारी हेरेझच्या घोडेशाळेत फोटो काढायला मनाई होती. हेमाची त्यामुळे फार पंचाईत झाली, पण भाभींनी पर्समधून फोन काढलाही नव्हता. दिवे मंदावले, गिटार वाजली आणि एक पांढरा घोडा मैदानात आला. मान वाकवून, पाय तिरपे टाकत, जणू जमीन तापलीय आणि त्याला ते आवडतंय. भाभींनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. शेवटी घोडा मध्यभागी उभा राहून नाचायला लागला तेव्हा त्या ताडकन उठल्या आणि म्हसळ्याच्या थाटात “हा, हा, माझ्या राजा!” असं ओरडल्या. पुढच्या रांगेतल्या स्पॅनिश आजी वळल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. खैरुद्दीनने बायकोला खाली ओढलं नाही. तो स्वतःच उभा राहिला.

खेळ संपला. भाभी तबेल्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत तोच घोडा गवत खात होता आणि त्या नुसत्या बघत होत्या. बाहेर विलासची चुळबुळ चालली होती. दोन वाजत आले होते, शेरीचं तळघर चार गल्ल्या पलीकडे होतं आणि उशिरा येणाऱ्याला आत घेत नव्हते. त्याने हेमाकडे बघितलं, हेमाने आकाशाकडे. खैरुद्दीन तर बायकोची पर्स सांभाळत भिंतीला टेकून बसलाच होता. शेवटी विलासने धीर केला.

“भाभी, मघाशी पोटभर बघितलात ना? आता तो नुसता गवत खातोय. अजून किती वेळ?”

शहनाझभाभींनी मान वळवली नाही.

“इतकी वर्षं मी थांबले, आता तुम्ही थांबा.”