मंडळी सापडल्या नाहीत

बाबा गेले त्या वर्षी मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी दोन फुकट मिळणाऱ्या डेटाबेसची तुलना करत होते. मायएसक्यूएल की पोस्टग्रेस, मजकुरातला शब्द नीट कोण शोधतो? चाचणीला मजकूर हवा होता, म्हणून बाबांच्या डायऱ्या घेतल्या. नेसरीच्या शाळेत मास्तर झाल्यापासून रोज दोन-तीन ओळी. मराठी अक्षरं तेव्हा संगणकावर धड उमटत नसत. सगळं रोमन लिपीत टाइप केलं. काम सावकाश चाललं. मला घाईही नव्हती.

आईनं त्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. विचारलं की बाबा म्हणत, "तुझ्याबद्दल लिवण्यासारखं काय हाय?" हे ती संसारभर मनात ठेवून होती. एका दुपारी सुपात शेंगा घेऊन माझ्याजवळ बसली.

"बघ की, मी कुठं हाय काय त्यात."

बाबा तिला 'मंडळी' लिहीत. मी मायएसक्यूएलला तो शब्द दिला. एकही नोंद आली नाही.

"व्हय. ठाऊकच हुतं मला."

"आई, अगं मी स्वतः टाइप केलंय!"

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?" शेंगा जोरात फुटू लागल्या.

बाबा रोज एसटीनं शाळेला जात, म्हणून मी 'एसटी' शोधली. तीही नाही.

"जल्म एसटीत गेला की त्यांचा!"

शेवटी माहितीपुस्तिका उघडली. चारपेक्षा कमी अक्षरांचा शब्द मायएसक्यूएल विचारात घेत नाही. एसटी तिथं गळाली. आणि जो शब्द निम्म्या किंवा त्याहून जास्त नोंदींत येतो, तो शोधण्याच्या कामाचा नाही असं धरतो. मी आईला समजावलं: तू जवळजवळ रोज आहेस, म्हणून गाळलीय.

"रोजची म्हणून धरलीच न्हाय? तुझ्या बाबांच्या वळणावर गेलंय की हे."

पोस्टग्रेसला असला नियम नव्हता. तिथं तोच शब्द दिला आणि पडदाभर मंडळी आल्या. मी पहिली नोंद वाचली: 'मंडळी रुसल्या. कारण कळले नाही.'

आईनं सूप खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या फोटोकडं वळली.

"कळलं न्हाय म्हणं! गडहिंग्लजच्या बाजारातनं माझं लुगडं इसरून स्वतःला पुस्तक आणलं, आन् कळलं न्हाय!"

मग मला म्हणाली, "वाच पुढचं."

दिवेलागणीपर्यंत मी वाचत होते. प्रत्येक नोंदीला तिचं उत्तर तयार होतं.